आधी ऊन, मग कॅमेरा : जुन्या संभाजीनगरात फोटो काढायला निघणाऱ्यांसाठी

डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली गेटसमोर थोडा वेळ उभं राहा. कोणी ना कोणी गाडी कडेला लावून, मोबाईल आडवा धरून दरवाजाचा फोटो काढताना दिसेलच. फोटोत दरवाजा काळाठिक्कर येतो आणि मागचं आभाळ पांढरंफटक. मग माणूस मोबाईलला नावं ठेवतो, नवा घ्यायचा विचार करायला लागतो. मोबाईलचा यात काही दोष नसतो. दिल्ली गेट जुन्या शहराच्या उत्तर अंगाला आहे, त्याचं बाहेरचं तोंड उत्तरेकडे, आणि डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेला असतो. आपण सूर्याकडे तोंड करून दरवाजाची सावलीतली बाजू टिपत बसतो. लाखाचा कॅमेरा आणला तरी तीच गत.

म्हणून सेटिंग आणि लेन्सच्या गप्पा आपण थोड्या पुढे ढकलू. या शहरात पहिली शिकायची गोष्ट म्हणजे कुठल्या भिंतीवर कधी ऊन येतं. ती कळली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं माणसांशी बोलण्याचं आहे, त्याकडे नंतर येतो.

नकाशा हातात घ्या

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या जागी हे शहर वसवलं. 1653 मध्ये औरंगजेबाने त्याला स्वतःचं नाव दिलं आणि 1682 मध्ये मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती तट बांधून घेतला. तटाला दरवाजे आले. ‘बावन्न दरवाजांचं शहर’ असं आपण लहानपणापासून ऐकतो. आज त्यातले थोडेच उभे आहेत, पण चार मुख्य दिशा ध्यानात ठेवल्या की वाट चुकत नाही. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, म्हणजे आपला मकाई गेट. ज्या गावाच्या वाटेला दरवाजा, त्या गावाचं नाव. फोटो काढणाऱ्याला याहून सोपं होकायंत्र मिळणार नाही.

आता सूर्य. आपलं शहर साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरपा चालतो, भर दुपारीही तो आभाळात अर्ध्याच उंचीवर असतो. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी पैठण गेटच्या बाहेरच्या अंगाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत चांगलं ऊन मिळतं. मकाई गेटला बाहेरच्या बाजूने, खाम नदीच्या पुलाकडून टिपायचं असेल तर दुपारी चारनंतर जा. आतली बाजू हवी असेल तर सकाळी. आणि ज्या दिल्ली गेटपासून सुरुवात केली, त्याची वेळ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तिथून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो आपल्या उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहानंतर दिल्ली गेटच्या बाहेरच्या तोंडावर आडवं ऊन पडतं आणि दगडाचे सांधे, कंगोरे, कमानीवरचं काम सगळं उठून येतं. जूनमध्ये पावसाचे ढग आले की हा खेळ संपला, म्हणून मेचे शेवटचे दिवस सोडू नका. उकाडा सोसावा लागतो, त्याला इलाज नाही.

मशिदींचा हिशोब आणखी सोपा. आपल्याकडून काबा पश्चिमेला, त्यामुळे मशिदीची नमाजाच्या दिशेची भिंत पश्चिमेला आणि दर्शनी कमानी पूर्वेला. म्हणजे दर्शनी भागावर सकाळचं ऊन. शाइस्ताखानाने 1665 मध्ये बांधलेली चौक मशीद असो की शहागंजची मोठी मशीद, सकाळी आठ-साडेआठच्या आत जाल तर कमानींच्या खोलीपर्यंत उजेड पोचलेला असतो. पूर्वाभिमुख देवळांनाही हाच नियम. बीबी का मकबरा दक्षिणेकडून प्रवेशाचा आहे. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून चालत जाता, म्हणून हिवाळ्यात दिवसभर समोरची बाजू उजळलेली मिळते आणि जूनच्या दुपारी तीच बाजू निस्तेज दिसते.

मोबाईलमध्ये होकायंत्र असतं. निघण्याआधी नकाशावर जायची ठिकाणं बघून वहीत एवढंच लिहा : कोणतं तोंड कुठे, ऊन कधी. वहीचं एक पान पुरतं.

काय घ्यायचं

मोबाईल पुरेसा आहे. खरंच पुरेसा आहे. कॅमेरा असेल तर 28 किंवा 35 मिलिमीटरची एकच लेन्स लावून निघा. मोठी झूम लेन्स जुन्या शहरात दोन कारणांनी नको : गल्ल्या इतक्या अरुंद की मागे सरकायला जागा नसते, आणि लांबून नेम धरल्यासारखी लेन्स रोखली की माणसं बिथरतात. ट्रायपॉड घरी ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत त्याला वेगळी परवानगी लागते आणि गुलमंडीत तो मांडलात तर पहिली शिवी रिक्षावाला घालेल.

लेन्स पुसायला एक मऊ फडकं मात्र हवंच. आपल्याकडची धूळ बारीक असते, मोबाईलच्या काचेवर तिचा थर बसला की उन्हाकडचे सगळे फोटो दुधाळ येतात. शर्टाच्या टोकाने पुसण्याची सवय सोडा. पाण्याची बाटली, टोपी, पॉवर बँक आणि चहापुरते सुट्टे पैसे. बस.

वाट आणि वेळ

पहिल्या खेपेला सगळं शहर बघायचा हट्ट धरू नका. मी नव्या माणसाला नेहमी एक वाट सांगतो : भडकल गेटपासून निघायचं, जुन्या बाजारातून सिटी चौक, तिथून सराफ्यावरून शहागंज, राजाबाजारात संस्थान गणपतीपर्यंत जाऊन परत फिरायचं, मछली खडक धरून गुलमंडी, आणि टिळक पथाने पैठण गेटला संपवायचं. नुसतं चाललात तर तासाभरात होईल. फोटो काढत चाललात तर सकाळ सरते, आणि सरू द्यावी.

उजाडताच भडकल गेटला पोचा. मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 च्या सुमारास हा दरवाजा उभारला असं सांगतात. म्हणजे औरंगजेबाच्या तटाच्या सत्तर वर्षं आधीचा. आतल्या छताकडे मान वर करून बघा, बहुतेक लोक बाहेरचाच फोटो काढून जातात. शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि 6 डिसेंबर किंवा 14 एप्रिलला इथली गर्दी, फुलं, निळे झेंडे हा स्वतंत्र विषय आहे. दरवाजा चारशे वर्षांचा आणि त्याच्यासमोर आजचं शहर उभं, दोन्ही एका चौकटीत येतं का बघा. मला विचाराल तर नुसत्या रिकाम्या दरवाजाच्या फोटोत काही राम नाही. तसे हजारो आहेत.

सकाळी लवकर जाण्याचं दुसरं कारण उन्हाइतकंच मोठं आहे. दहापर्यंत बाजाराची बहुतेक शटरं बंद असतात. गाड्या, हातगाड्या, दुकानाबाहेर टांगलेले कपडे यांतलं काही नसतं. तेव्हा पहिल्यांदा डोळ्याला इमारत दिसते. खाली शटर, त्यावर फ्लेक्स, आणि फ्लेक्सच्या वर एकदम निजामाच्या काळातला लाकडी सज्जा, ओतीव लोखंडाचा कठडा, रंगीत काचेचा अर्धगोल. जुन्या बाजारपेठेत वरचा मजला बघत चाला. खालचा मजला दर दहा वर्षांनी बदलतो, वरच्याला कोणी हात लावत नाही.

काय बघतोय हे कळायला थर ओळखता आले पाहिजेत. काळा घडीव दगड, चुना आणि टोकदार कमानी दिसल्या तर मलिक अंबर किंवा मोगलांचा काळ. पातळ चपट्या विटा, त्यावर चुन्याचा गिलावा, महिरपी कमानी हे अठराव्या शतकाकडे झुकणारं. पहिल्या निजामाने 1724 मध्ये आपला स्वतंत्र कारभार इथूनच सुरू केला. 1763 मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि शहर मागे पडलं. त्या मागे पडण्यानेच पुष्कळ काही वाचलं असं माझं मत आहे. नंतर सागवानी खांब, कडीपाटाची छतं, लोखंडी कठडे आले, आणि 1948 नंतर सिमेंट. एकाच भिंतीत हे सगळे थर सापडतात आणि तेच टिपण्यासारखं असतं. चौक मशीद आणि शहागंजची मशीद दोन्ही उंच जोत्यावर आहेत, जोत्याच्या पोटात दुकानं आणि वर मशीद. ही मूळचीच रचना आहे, अतिक्रमण नव्हे. त्यामुळे फोटोत दुकानं कापू नका. रस्त्यापलीकडे जाऊन, दुकानाची पायरी आणि वरची कमान दोन्ही घ्या.

एका दारासमोर थांबा

रंगारगल्लीच्या, कुंभारवाड्याच्या आतल्या बोळांत अजून काही वाड्यांची दारं उभी आहेत. त्यातलं एक दार निवडा आणि अर्धा तास त्याच्यासमोरच घालवा. सराव म्हणून सांगतो, याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

समजा दार पूर्वेला आहे आणि सकाळचे आठ वाजलेत. आधी सगळं दार, चौकटीसकट आणि दोन्ही बाजूंच्या देवळ्यांसकट (भिंतीतल्या कोनाड्यांसकट) घ्या. मोबाईल छातीच्या उंचीवर, अगदी सरळ. वर झुकवलात तर चौकटीच्या दोन्ही बाजू वर जाऊन एकमेकींकडे कलतात आणि वाडा पडायला आल्यासारखा दिसतो. सेटिंगमधून चौकटीच्या रेषा चालू करा, दाराची उभी कड त्या रेषेला लागली पाहिजे. बोळ अरुंद म्हणून 0.5 ची रुंद लेन्स लावायचा मोह होईल. लावू नका, कडा फाकतात. समोरच्या घराच्या पायरीवर चढून पाठ भिंतीला टेकवा, तरी मावत नसेल तर अर्धंच दार घ्या. अर्धं दार चांगलं दिसतं.

मग जवळ जा. मोठ्या दारातला छोटा दिंडी दरवाजा; त्याच्यातून वाकून आत जावं लागतं, म्हणून वरच्या फळीला डोक्यांनी आणि हातांनी घासून आलेली चकाकी. लोखंडी कडी, तिच्याखाली लाकडावर पडलेला अर्धगोल ओरखडा, कडी वर्षानुवर्षं हलून पडलेला. उंबऱ्याचा मधला भाग खोलगट. चौकटीवर गणेशपट्टी, तिच्यावर रंगाचे थर : खाली हिरवा, वर निळा, सगळ्यात वर ऑइल पेंटचा चॉकलेटी. या प्रत्येकाचा एक फोटो. ऊन कडेने येत असेल तेव्हाच हे ओरखडे, नक्षी दिसते. पूर्वेच्या दारावर सकाळी लवकर ऊन समोरून येतं, तेव्हा सगळं सपाट; साडेनऊपर्यंत सूर्य वर चढला की तेच ऊन तिरपं पडतं. म्हणजे आठला आलेलं दार आणि साडेनऊला आलेलं दार ही दोन दारं आहेत.

शेवटी दोन पावलं मागे या आणि थांबा. कोणी तरी बाहेर येईल : दुधाची किटली, शाळेचं दप्तर, सायकल. आलं तर घ्या. नाही आलं तर चला पुढे.

कमानीखाली उजेड मोजणं

मकाई, बारापुल्ला या दरवाजांच्या कमानींतून गाड्या जातात. कमानीच्या आत काळोख, बाहेर लख्ख उजेड. मोबाईल आपल्या मनाने दोन्ही सांभाळायला जातो आणि दोन्हीकडून घालवतो. काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाहेरचा रस्ता हवा असेल तर पडद्यावर बाहेरच्या उजेडाच्या जागी बोट दाबून धरा, उजेडाची पट्टी आली की ती थोडी खाली ओढा. कमान काळी होईल, तिच्यातून येणारी स्कूटर, बुरखा घातलेल्या बाई, डोक्यावर टोपलं घेतलेला माणूस असे आकार उठून येतील. आतला दगड हवा असेल तर बोट दगडावर दाबा आणि बाहेरचं पांढरं जाऊ द्या. दोन्ही एकदम हवं असेल तर ढगाळ दिवशी या.

कॅमेरावाल्यांसाठी : छिद्र एफ 8, शटर किमान सेकंदाचा 250 वा भाग, आयएसओ आपोआप. रस्त्यावर चालत्या माणसांना एवढ्याने पुरतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कॅमेरा समोर दिसेल ते सगळं करडं आहे असं धरून चालतो. म्हणून मकबऱ्याच्या पांढऱ्या घुमटाला तो मळकट करतो, तिथे उजेड अर्धा-एक घर (स्टॉप) वाढवा. काळ्या दगडाच्या दरवाजाला तो उगाच उजळवतो, तिथे तेवढाच कमी करा. नवशिक्याला हे उलटं वाटतं. एकदा करून बघितलं की पटतं.

पाणचक्कीला गेलात तर भिंतीवरून हौदात पडणाऱ्या पाण्यावर शटरचा धडा घ्या. सेकंदाच्या हजाराव्या भागाला थेंब थिजतात, आठव्या भागाला पाण्याचा पडदा होतो. त्यासाठी कठड्याचा आधार लागेल. पाणी डोंगरातून जमिनीखालच्या नहरीने येतं, आणि शहराला पाणी पुरवायला अशी भुयारी नहर आणण्याचं काम मलिक अंबरने केलं. बेगमपुऱ्यातला थत्ते हौदही त्याच नहरींच्या गोतावळ्यातला. नहरीवर हवेसाठी आणि दाबासाठी बांधलेले विटांचे मनोरे काही ठिकाणी अजून दिसतात. त्यांचे फोटो फार कोणी काढत नाही, म्हणून तुम्ही काढा.

माणसांशी बोला

तारा आणि फ्लेक्स यांच्याबद्दल नवशिके फार तक्रार करतात. तारा आहेत, राहणार. सकाळी, ढगाळ आभाळावर त्या कमी डोळ्यांत येतात, आणि नाही तर चौकटीच्या कडेला समांतर येतील असं उभं राहा. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवण्यात अर्थ नाही. खरी अडचण माणसांची असते, म्हणजे आपल्या मनातल्या भीतीची.

गल्लीत कॅमेरा काढला की दोन मिनिटांत कोणी तरी विचारणारच : “कायकू खींचरे फोटो? पेपरवाले है क्या?” ही दमदाटी नसते. जुन्या शहरात पेपरवाले, महापालिकेचे मोजणीवाले आणि मालमत्तेच्या वादातली माणसं असे तिघेच आजवर फोटो काढत आलेत, तेव्हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तयार ठेवा आणि खरं सांगा : “नै चाचा, पुरानी कमान का निकालरा.” मराठी घर असेल तर, “काका, तुमच्या वाड्याचं दार लई जुनं दिसतंय, एक फोटो काढू का?” वयस्क माणसाला काका, चाचा, मामू, बाईमाणसाला मावशी, काकू, आपा. ‘सर-मॅडम’ इथे परकं वाटतं.

विचारलं की बहुतेक वेळा होकार येतो, आणि होकाराबरोबर माहिती. दार कधीचं, बलदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, किती धान्य मावायचं, मातीचं माळवद कधी उतरवून स्लॅब टाकला, कोणता चुलता पुण्याला गेला. ऐकून घ्या. कॅमेरा मांडीवर ठेवून चहा प्या. फोटो नंतर काढलात तर चेहऱ्यावरचा ताठरपणा गेलेला असतो. नकार आला तर “बरं” म्हणून पुढे चला, कारण विचारू नका, लांब जाऊन चोरून तर मुळीच काढू नका. त्या गल्लीत तुमच्यानंतर येणाऱ्यालाही ते भोवतं.

बायकांचे, मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. घराची दारं-खिडक्या उघड्या असतील तर ओसरीपर्यंतच बघायचं, आत लेन्स वळवायची नाही. लहान मुलं स्वतःच पुढे येऊन “मेरा खींचो” म्हणतात. त्यांच्या घरच्यांनी बघितलंय ना, याची खात्री करा, आणि मुलांचे फोटो नावानिशी कुठे टाकू नका. मशिदीत किंवा दर्ग्यात नमाजाच्या वेळी कॅमेरा खाली. आत काढायचा असेल तर तिथल्या मुतवल्लींना (व्यवस्था बघणाऱ्यांना) किंवा सेवेकऱ्यांना विचारा. देवळाच्या गाभाऱ्याचंही तेच.

बंद, मोर्चा, कुठली तरी कुरबुर असेल त्या दिवशी जुन्या शहरात हौसेचे फोटो काढायला जाऊ नका. लोकांच्या जिवाला घोर असतो आणि तुम्ही कमानीचे सांधे शोधत असता, ते बरं दिसत नाही. पोलीस हटकतील ते वेगळंच.

कुठे कॅमेरा बंद

छावणीच्या हद्दीत, लष्कराच्या जागा आणि फाटकांसमोर कॅमेरा बॅगेतच राहू द्या. कर्णपुऱ्याच्या देवीला जाताना याचं भान हवं, कारण नवरात्राच्या यात्रेत पाळणे, रेवड्यांची दुकानं, दिव्यांच्या रांगा बघता बघता आपण कुठे वळलो कळत नाही. ड्रोन तर विसराच. संरक्षित वास्तूंवर तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि शहराचा वरून काढलेला देखणा फोटो हा या लेखाचा विषयही नाही. गल्लीची उंची माणसाच्या डोळ्यांची असते.

मकबऱ्यासारख्या ठिकाणी मोबाईल आणि हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत, पण लग्नाआधीच्या जोडप्यांच्या शूटिंगला, दिव्यांच्या सरंजामाला वेगळे नियम आहेत. तिकीट खिडकीवर विचारून घ्या.

संध्याकाळ आणि सणवार

एकदा वाट पायाखालची झाली की संध्याकाळी त्याच वाटेने जा. दिवे लागणीनंतरची साधारण वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं आणि दुकानांचे दिवे पिवळे. तेवढ्यात गुलमंडीला सुपारी मारुतीच्या आसपास उभं राहा. त्यानंतर आभाळ काळं होतं आणि फोटोत नुसते दिवे उरतात. रात्री मोबाईलचा नाईट मोड इमारतीला ठीक, चालत्या माणसांची मात्र भुतं करतो. माणसं हवी असतील तर तो बंद ठेवा आणि उजेड असलेल्या दुकानासमोर थांबा.

रमजानमध्ये सिटी चौक ते शहागंज रात्र उशिरापर्यंत जागं असतं. गणपतीत विसर्जनाची मुख्य मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते. ढोल-ताशाच्या मध्ये शिरण्यापेक्षा ओळखीच्या घराचा पहिल्या मजल्यावरचा सज्जा गाठा, आदल्या दिवशी विचारून. आणि दरवाजे म्हणजे फक्त मोगलांचे असं नाही : 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर गावोगावहून आलेली माणसं माथा टेकतात. या शहरातल्या कुठल्याही दरवाजाचा इतका जिवंत फोटो दुसऱ्या दिवशी मिळणार नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो निवडा. दुसऱ्या दिवशीवर टाकलंत की कुठली गल्ली कोणती हे विसरतं. प्रत्येक फोटोला नाव देताना तारीख, गल्ली आणि दिशा लिहा : ‘कुंभारवाडा, पूर्वेचं दार, सकाळी आठ’ असं. आज कंटाळवाणं वाटेल. पण वाडे भराभर उतरतायत, आणि उतरलेल्या वाड्याचा पत्त्यासकट, तारखेसकट फोटो असणं याला पुढे मोल येतं. मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत मोबाईलबाहेर.

रंग भडक करू नका. आपला दगड करडा-काळा, चुना पिवळसर, माती पांढरी. हिरवा-जांभळा चढवला की तो दुसऱ्याच कुठल्या गावचा दिसतो. काळ्या भागातला तपशील थोडा वर आणा, तिरक्या रेषा सरळ करा, थांबा.

ज्यांचे फोटो घेतलेत त्यांना प्रिंट द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो दोन दिवसांत हरवतो. पोस्टकार्डाएवढी प्रिंट फारशी महाग पडत नाही आणि ती दुकानात देवांच्या तसबिरीशेजारी लागते. पुढच्या वेळी त्या गल्लीत “पेपरवाले है क्या” विचारणारा माणूसच तुम्हाला आतला चौक दाखवायला नेतो, आणि आतला चौक बाहेरून कधीच दिसत नसतो.

दोन-तीन महिने ही वाट केल्यावर पैठणला जा, दक्षिणेला साधारण 50 किलोमीटर. गाव गोदावरीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर हिवाळ्याचं ऊन. जुन्या गावातले वाडे संभाजीनगरपेक्षा वेगळ्या घडणीचे, बोळ आणखी अरुंद, चढउताराचे. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, दिंड्या येतात तेव्हा गर्दी इतकी असते की वास्तू टिपायला ती वेळ नव्हे. त्याआधी, माघात कधी तरी, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी सातला पोचा. वहीचं नवं पान काढून तिथल्या दारांच्या दिशा लिहायला घ्या.